पाण्याचे जिने चढणारी नौका

खानदेशात ‘कालवा’ म्हटले की कोणाला समुद्र आठवत नाही. आठवतो तो गिरणेचा पाट, जामद्याचे पाणी, रब्बीचे आवर्तन आणि ‘यंदा आपल्या शिवारापर्यंत पाणी येईल का’ हा दरवर्षीचा प्रश्न. कालव्यातून नाव जाते असे कोणी सांगितले तर आमच्याकडे कागदाची नाव असेच समजतील. माझेही वयाच्या विशीपर्यंत तेच होते. समुद्र मी प्रथम पाहिला तो मुंबईला नोकरीच्या मुलाखतीला गेलो तेव्हा. नोकरी मिळाली नाही, समुद्राचे वेड मात्र घेऊन आलो. पुढे धुळ्याच्या आणि जळगावच्या वाचनालयांतून जे मिळेल ते वाचत गेलो. शिकवणारा कोणी नसल्यामुळे बऱ्याच गोष्टी उलट्या क्रमाने शिकलो. जगाला वळसा घालणाऱ्या शिडाच्या नौकांबद्दल आधी कळले आणि वारा शिडाला कसा ओढतो हे नंतर.

या लेखाचा विषय आहे अशा लांब पल्ल्याच्या शर्यतीच्या नौकेचा कालव्यातला प्रवास. दोन-तीन दिवसांचाच, पण त्यात नौकेवरचे सगळे जीवन उलटेपालटे होते. शिवाय त्यात एक वाद दडलेला आहे: कालव्यातून गेलेल्या नौकेने जगाची प्रदक्षिणा केली असे म्हणायचे की नाही? मी या वादाकडे आलो तो एका मराठी माणसामुळे.

कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून ‘म्हादेई’ नावाच्या ५६ फुटी शिडाच्या नौकेतून एकटे निघाले आणि १९ मे २०१० रोजी प्रदक्षिणा पूर्ण करून परतले. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीला फेरी घालणारे ते पहिले भारतीय. मूळ कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णीला राहून त्यांनी हा ध्यास सोडला नव्हता. नौका बांधली गोव्यातल्या दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने मी त्या बेटावर गेलो आहे. ज्या मांडवीतून फेरी जाते, तिचेच दुसरे नाव म्हादेई. म्हणजे नदीकाठी जन्मलेली नौका नदीचेच नाव घेऊन समुद्रात गेली.

दोंदे यांचे थांबे होते ऑस्ट्रेलियातले फ्रीमँटल, न्यूझीलंडमधले लिटल्टन, फॉकलंड बेटांवरचे पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाऊन. नकाशा उघडून पाहा. लिटल्टनहून पोर्ट स्टॅन्लीला जायचे म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या शेपटाला, केप हॉर्नला, वळसा घालावा लागतो. जगातला सर्वांत खवळलेला समुद्र तो. त्याच खंडाच्या वरच्या टोकाला १९१४ पासून पनामाचा कालवा आहे. त्यातून गेले तर हॉर्नचे तोंडही पाहावे लागत नाही. मग दोंदे तिकडे का गेले नाहीत?

कारण नियम. प्रदक्षिणा म्हणून मान्यता मिळवायची तर निघाल्या बंदरात परतायचे, सगळी रेखावृत्ते ओलांडायची, विषुववृत्त किमान दोनदा ओलांडायचे आणि एकूण अंतर २१,६०० सागरी मैलांपेक्षा कमी भरू द्यायचे नाही. हा आकडा कुठून आला? वर्तुळाचे अंश ३६०, प्रत्येक अंशाच्या ६० कला, एका कलेला एक सागरी मैल. गुणाकार करा. म्हणजे पृथ्वीच्या कमरेला एक पट्टा, इतके तरी चालायलाच हवे. आणि शेवटची अट अशी की जिथे इंजिन लावावे लागते किंवा दोरीने ओढून घ्यावे लागते, असा कालवा किंवा सामुद्रधुनी वापरायची नाही. पनामा कालव्यात शीड उभारून जाण्याची परवानगीच नाही. तिथे इंजिन हवे. म्हणून कालवा बाद. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी याच म्हादेईतून कुठेही न थांबता फिरून आले, २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकारी ‘तारिणी’तून गेल्या. सगळे हॉर्नच्याच वाटेने. तारिणीही दिवाडीचीच लेक.

उलट ‘क्लिपर’ ही जी प्रसिद्ध जगप्रदक्षिणेची शर्यत आहे, तिच्या नौका पनामातून जातात. १९९६ साली सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी ती सुरू केली. १९६८-६९ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता जग फिरणारा पहिला माणूस तो हाच. तिच्यात व्यावसायिक कप्तानाच्या हाताखाली सामान्य माणसे, शिक्षक, परिचारिका, निवृत्त कारकून वगैरे, पैसे भरून खलाशी होतात. ७० फुटी नौका, एकेकीवर वीसच्या आसपास माणसे. शर्यतीचा एक टप्पा पनामाच्या एका बाजूला संपतो, नौका इंजिनावर कालवा ओलांडतात आणि दुसऱ्या बाजूला नवा टप्पा सुरू होतो. शर्यत मध्ये थांबलेली असते, त्यामुळे कोणावर अन्याय होत नाही. ही सोय मला आधी पळवाट वाटायची. आता वाटत नाही. तिकडे वळतो, पण आधी तो कालवा समजून घेऊ.

पनामाचा कालवा सपाट चर नाही. सुएझ तसा आहे: १८६९ साली खुला झालेला, वाळवंटातून सरळ गेलेला, दोन्ही टोकांना जवळजवळ सारखीच पातळी. (खानदेशचा कापूस लँकेशायरला लवकर पोचू लागला तो त्याच्यामुळे, आणि शिडाच्या मालवाहू जहाजांचा धंदा बसला तोही त्याच्यामुळे, कारण तांबड्या समुद्रातला वारा शिडांना साथ देत नाही.) पनामात मध्ये डोंगराची रांग आहे. १८८० च्या दशकात सुएझवाल्या द लेसेप्सने तिथेही सपाट चर खणायचा हट्ट धरला. हिवताप आणि पिवळ्या तापाने वीस हजारांहून अधिक माणसे गेली असा अंदाज आहे आणि कंपनी बुडाली. १९०४ पासून अमेरिकनांनी काम हाती घेतले. सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू शोधला होता. तो शोध पनामात डॉ. गॉर्गस यांच्या डासविरोधी मोहिमेच्या कामी आला. आणि डोंगर समुद्रपातळीपर्यंत खणण्याऐवजी जहाजच वर चढवायचे ठरले. चाग्रेस नदीवर गाटुनला धरण बांधले, समुद्रापेक्षा सुमारे ८५ फूट उंचीवर अफाट तलाव तयार झाला. एका बाजूने जहाज तीन पायऱ्या चढते, तलाव आणि कुलेब्राचा खणलेला घाट पार करते, दुसऱ्या बाजूला आधी एक आणि मग दोन पायऱ्या उतरते. एकूण ८० किलोमीटर.

पायरी म्हणजे लॉक: ११० फूट रुंद, १००० फूट लांब असा काँक्रीटचा हौद, दोन्ही टोकांना पोलादी दारे. जहाज आत आले की मागचे दार लागते. तलावाचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून हौदाच्या तळाला शिरते आणि आठ-दहा मिनिटांत जहाज जवळजवळ २८ फूट वर येते. मग पुढचे दार उघडते. या सगळ्यात पंप कुठेही नाही. पाणी आपल्या वजनाने वरून खाली वाहते, तेवढ्यावरच काम चालते.

हे मी आमच्या तात्यांना समजावून सांगत होतो. वडील साक्री तालुक्यातले, पांझरेवरच्या फडात त्यांनी उमेदीत पाटकरी म्हणून काम केलेले. फड पद्धत वाचकांना ठाऊक असेल: नदीवर एकापाठोपाठ बंधारे, प्रत्येकाचा पाट, पाटाखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांचे एकच पीक आणि पाणी पंपाशिवाय, उताराने. दारे कधी उघडायची नि कधी लावायची हे पाटकऱ्याच्या हाती. तात्यांना लॉक समजायला दोन मिनिटेही लागली नाहीत. मला इंजिनिअरिंगच्या पुस्तकातून समजायला आठवडा लागला होता. नंतर त्यांनी विचारले, “मंग ते पानी कथा जास?” म्हणजे, नाव उतरली की हौदातले पाणी जाते कुठे? समुद्रात, मी म्हटले. ते काही बोलले नाहीत.

आता नौकेवर चढू. कालव्यात शिरण्याआधीच तिचे रूप बदललेले असते. अधिकारी येऊन फीतीने लांबी मोजून गेलेला असतो, त्यावर भाडे ठरते. (१९२८ साली रिचर्ड हॅलिबर्टन नावाचा लेखक कालवा पोहून गेला, तेव्हा त्यालाही जहाजाच्या हिशेबाने भाडे लावले होते: ३६ सेंट.) दोन्ही कुशींना प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले मोटारीचे टायर लटकतात. सव्वाशे फुटी चार जाड दोर चार कोपऱ्यांवर गुंडाळून ठेवलेले असतात. छपरावर सौरपट्ट्या असतील तर त्यांच्यावर गाद्या अंथरतात. का, ते पुढे येईल. शर्यतीसाठी घासूनपुसून हलकी केलेली, एकेक किलो वजन मोजणारी ती नौका एखाद्या गॅरेजसारखी दिसू लागते.

६५ फुटांपर्यंतच्या नौकेवर कालव्याचा एक सल्लागार चढतो, त्याहून मोठ्यांवर पायलट. क्लिपरच्या ७० फुटी नौकांना पायलटच लागतो. त्यांची शर्यत पॅसिफिक ओलांडून येत असल्याने त्या उलट्या बाजूने चढतात. मी इथे अटलांटिककडून जाणाऱ्या लहान नौकांच्या चालीने सांगतो. सुकाण्यावर एक आणि दोरांवर चार अशी पाच माणसे लागतातच. घरातली दोनच माणसे असली तर ओळखीच्या नौकांवरून उसनी आणतात, किंवा स्थानिक तरुण रोजाने घेतात. सल्लागाराला गरम जेवण आणि सीलबंद बाटलीचे पाणी द्यावेच लागते. तो पाहुणाही असतो आणि हुकूम देणाराही. महिनोन्‌महिने कप्तानाखेरीज कोणाचे न ऐकलेल्या लोकांना हे जड जाते. लग्नाच्या मांडवात वरपक्षाचा एखादा मामा बसवलेला असतो ना, तशी त्याची बडदास्त ठेवतात.

समुद्रावर नौकेचा दिवस पहाऱ्यांत तुटलेला असतो. अर्धे लोक डेकवर, अर्धे झोपलेले. चार तास काम, चार तास झोप, दिवसा थोडी लांब पाळी. क्लिपरच्या नौकांवर एकाच बिछान्यात दोघे आलटून पालटून निजतात. आपण आत शिरावे तर आधीच्याची ऊब अजून असते. त्यामुळे वीस माणसे एका नौकेत राहूनही सगळ्यांना एकत्र जेवायला मिळणे विरळाच. त्यात नौका नेहमी एका कुशीवर कललेली. शेगडी झुल्यावर टांगलेली, भांडे सोडले की घसरलेच. रोज दोघांची स्वयंपाकाची पाळी, वीस जणांचे सगळे जेवण त्यांच्यावर. त्या दिवसापुरते त्यांना पहारा माफ, पण बहुतेकांना वादळातला पहारा परवडतो, ही पाळी नको असते.

कालव्यात हे सगळे एकदम थांबते. नौका सरळ उभी राहते. शेगडी हलत नाही. पहाऱ्याचे वेळापत्रक गळून पडते, कारण सगळेच जागे आणि सगळेच डेकवर. आठवड्यांनंतर एकमेकांची पूर्ण पंगत दिसते. अशा प्रवासाच्या मी जेवढ्या नोंदी वाचल्या, त्यांत लॉकच्या वर्णनाइतकीच जागा या एकत्र जेवणाला दिलेली आढळते. वारा नाही, त्यामुळे खाली केबिनमध्ये भट्टी. रात्री लोक डेकवरच आडवे होतात, डास चावले की चादर डोक्यावरून घेतात आणि पाऊस आला की ओलेचिंब होऊन हसत बसतात. तो पाऊस गोडा असतो ना! मिठाने ताठ झालेले कपडे त्यातच धुऊन निघतात.

लहान नौका सहसा एकट्या जात नाहीत. दोन-तीन एकमेकींना बांधून एक तराफा करतात. मधलीच्या इंजिनावर तराफा चालतो, कडेच्या दोघी भिंतीकडचे दोर सांभाळतात. लॉकच्या तोंडाशी भिंतीवरची माणसे बारीक दोरी फेकतात. तिच्या टोकाला दोरीचीच विणलेली घट्ट गाठ असते, वजनाला शिसे घातल्यासारखी. इंग्रज खलाशी तिला ‘माकडाची मूठ’ म्हणतात. ती काचेवर किंवा सौरपट्टीवर पडली तर तडा ठरलेला, म्हणून गाद्या. त्या दोरीला आपला जाड दोर बांधायचा, वरचा माणूस तो ओढून खुंटाला अडकवतो. मोठ्या जहाजांना धरायला दोन्ही भिंतींवर रुळांवर चालणारी विजेची इंजिने आहेत. नौकेसाठी मात्र माणूस दोर हातात घेऊन भिंतीवरून चालतो.

चढताना नौका बहुधा मोठ्या जहाजाच्या मागे असते. पाणी तळातून उसळते, गोडे आणि खारे मिसळताना भोवरे पडतात आणि तराफा डावी-उजवीकडे खेचला जातो. चारही दोर एका तालात ओढावे लागतात. एक ढिला पडला तर नौका आडवी फिरून भिंतीवर आदळू शकते. त्याहून वाईट क्षण पुढे येतो. दार उघडल्यावर समोरचे जहाज आपला पंखा फिरवते आणि तो सगळा लोंढा मागच्या नौकांवर येतो. ज्यांनी चाळीस फुटी लाटांत सुकाणू धरले, ते इथे, हौदात, घामाघूम झालेले असतात. समुद्रात जागा असते. चुकले तर सावरायला मैलभर पाणी असते. इथे हातभर अंतरावर काँक्रीट. म्हणून मी पळवाट हा शब्द मागे घेतला. हॉर्नला लागते ते धाडस इथे लागत नाही, हे खरेच. पण इंजिन चालू असले म्हणून खलाशाचे काम संपते असेही नाही.

तिसरी पायरी संपली की अंधार पडलेला असतो. तलावात एका भल्या मोठ्या पिंपाला नौका बांधून रात्र काढायची. पोहायला बंदी, सुसरी आहेत. काठच्या रानात पहाटे वानरांचे असे ओरडणे सुरू होते की नवख्याला वाघच वाटावा. नौका इथे बोटभर जास्त बुडालेली असते, कारण गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके. समुद्रातून निघून समुद्रातच जायचे असताना मधली एक रात्र गोड्या पाण्यावर, डोंगरात, ८५ फूट उंचीवर काढायची, हे मला अजूनही पूर्ण पटत नाही. त्या तलावाखाली गावे आहेत. धरणाचे पाणी चढले तेव्हा तिथले लोक उठवले गेले. उकाईच्या पाण्यात ज्यांची नवापूर-नंदुरबारकडची घरेशेते गेली, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आणि आता तात्यांचा प्रश्न. एक जहाज या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले की तलावाचे सुमारे २० कोटी लिटर गोडे पाणी दोन्ही समुद्रांत जाते. आपल्या हिशेबाने मांडू: २ लाख घनमीटर. जमिनीवर दहा सेंटिमीटर पाणी उभे करायचे म्हटले तर २०० हेक्टरची एक पाळी. एका जहाजाला! नौका मोठ्या जहाजाच्या मागे उभी राहिली तर तिच्यासाठी वेगळे पाणी लागत नाही. म्हणून तिला एकटीला सोडत नाहीत, ताटकळत ठेवतात. शर्यतीचे लोक या ताटकळण्याला वैतागतात. मला पाटकऱ्याचा मुलगा म्हणून ते बरोबर वाटते.

पनामाच्या निम्म्याच्या आसपास लोकांचे पिण्याचे पाणीही याच तलावांतून येते. २०२३ साली एल निनोमुळे पाऊस आटला. रोज ३६-३८ जहाजे सोडणाऱ्या कालव्याला ती संख्या २४ च्या आसपास आणावी लागली, आणि समुद्रात जहाजांची रांग लागली. २०१६ साली जे नवे मोठे लॉक झाले, त्यांच्या बाजूला साठवण हौद आहेत आणि साठ टक्के पाणी पुन्हा वापरले जाते. जुन्यांत ती सोय नाही. आता इंडिओ नदीवर आणखी एक धरण बांधायचे चालले आहे आणि तिथल्या खोऱ्यातले शेतकरी विरोधात उभे आहेत. हे सांगितले तेव्हा तात्यांनी विचारले की त्यांना मोबदला जमिनीचा देणार की पैशाचा. माझ्याकडे उत्तर नव्हते.

उतरण सोपी असते. आता नौका मोठ्या जहाजाच्या पुढे, पाणी शांतपणे खाली जाते, दोर फक्त हळूहळू सोडत राहायचे. शेवटच्या मिराफ्लोरेस लॉकवर कालव्याने कॅमेरे बसवले आहेत आणि ते जगात कुठेही, अगदी जळगावातही, दिसतात. नौकेवरचे लोक घरी वेळ कळवून ठेवतात आणि कॅमेऱ्याकडे हात हलवतात. शर्यतीतल्या माणसाला घरच्यांनी चालत्या नौकेवर पाहण्याची ही बहुधा एकमेव जागा. समुद्रात कोण पाहणार?

एका फेब्रुवारीत तात्या माझ्याकडे होते. पनामाचे घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे. रात्री आम्ही दोघे फोन समोर ठेवून बसलो होतो. तीन नौका बांधलेला तराफा लॉकमध्ये आला, मागे लाल रंगाचे प्रचंड जहाज. कोणाच्या नौका होत्या, देव जाणे. पाणी उतरू लागले तशी भिंतीवर ओली रेघ दिसू लागली. तात्या त्या रेघेकडेच पाहत होते. दार उघडले, पलीकडे पॅसिफिक. भिंतीवरच्या माणसांनी दोर सोडले, नौकेवरच्यांनी ते ओढून घेतले. कोणीतरी कॅमेऱ्याकडे हात हलवला. तात्यांनीही हलवला. मग म्हणाले, “दार लावायला माणूस आहे ना तिथे?” आहे, मी म्हटले. ते झोपायला गेले तेव्हा साडेबारा वाजले होते. तराफा सुटून तिन्ही नौका वेगळ्या होईपर्यंत मी बसून राहिलो. एकीने टायर वर ओढायला सुरुवातही केली होती.